नव्या लॅपटॉपची डिस्क का बदलली

पुणे, २ जुलै

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

मी सुखरूप पोचले. आई, तू बांधून दिलेली भाकरी-चटणी कराडच्या अलीकडंच संपली. काल फोनवर बाबा तिसऱ्यांदा विचारत होते, "काढून ठेवलेल्या डिस्कमध्ये आपले फोटो राहिले तर नाहीत ना?" बाबा, फोटो नव्या डिस्कमध्ये आहेत आणि जुन्यातही आहेत. एकही गेलेला नाही. फोनवर घाईत सांगून तुमचा जीव थाऱ्यावर येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

महिन्याभराचा लॅपटॉप मी पालथा घालून उघडला तेव्हा तुम्हा दोघांच्या पोटात गोळा आला होता. आई तर म्हणालीच, "अगं, नवं कोरं हाय, खोलायलीस कशाला?" कारण शनिवारचं आहे. बाबा, तुम्ही लॅपटॉप सुरू केलात, झाडांना पाणी घालून आलात, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच होतं. मग फोटोंचं फोल्डर दाबलंत. काही हललं नाही म्हणून पुन्हा दाबलंत, आणखी दोनदा दाबलंत, आणि नंतर चारही एकदम उघडली. तेव्हा तुम्ही आईला हळूच म्हणालात, "माझं वय झालं, मला हे जमायचं नाही." मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी होते. बाबा, तुमचं काही चुकत नव्हतं. दुकानात मी १ टीबी हा साठवायच्या जागेचा आकडा बघून भुलले आणि आत फिरती हार्ड डिस्क आहे याकडं लक्षच दिलं नाही.

उद्यमनगरात लेथवर हयात घालवलेल्या माणसाला हे लगेच कळेल. त्या डिस्कच्या आत चकत्या असतात, मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या, म्हणजे सेकंदाला ९०. त्यांच्यावरून एका बारीक दांडीचं टोक तरंगत फिरतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; टोक आणि चकती यांच्यातली फट त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. एखादी फाइल हवी असली की दांडी तिथवर सरकते, मग चकतीचा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबते. एका खेपेला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एवढंसं वाटतं, पण लॅपटॉप सुरू होताना अशा हजारो खेपा होतात. कोणता भाग किती राबतोय ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये मी पाहिलं, डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर दहाच्याही खाली. कारागीर हात बांधून बसलाय आणि माल आणून देणारा पोरगा एकटाच धावतोय, अशी गत. आता बसवलेली नवी डिस्क एसएसडी आहे, तिच्यात फिरणारं काही नाही. चिपमध्ये विजेच्या भाराच्या रूपात सगळं साठतं, त्यामुळं थांबणं जवळजवळ संपलंच.

आधी जुन्या डिस्कची सगळी हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवली, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. वॉरंटीचंही कंपनीला विचारून घेतलं होतं. नव्या डिस्कचं बिल तुमच्या निळ्या फाइलमध्ये आहे.

त्या दुपारचं एक मला सारखं आठवतंय. मी स्क्रू काढून वाटीत टाकणार, तोवर तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर लॅपटॉपची पाठ काढलीत आणि एकेक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी ठेवलात. पुढचे दोन आखूड आहेत हे मला दिसलंच नव्हतं. लांब स्क्रू तिथं पिळला असता तर आतला भाग फुटला असता. बॅटरीची वायर आधी सोडवायची हेही तुम्ही न सांगता ओळखलंत, "आधी मेन बंद कर" म्हणालात. हे सगळं ज्याला कळतं, त्याला लॅपटॉप जमत नाही असं परत म्हणू नका. सुरू केल्यावर तुम्ही सवयीनं झाडांकडं जायला उठलात आणि दारातूनच परत फिरलात.

आता एक काळजी घ्या. ही नवी डिस्क बिघडायच्या आधी बहुतेक वेळा आवाज करत नाही, आणि तिच्यातून पुसलेला फोटो परत मिळणं फार अवघड. म्हणून जुनी डिस्क मी केबलनं लॅपटॉपला जोडता येईल अशा डबीत घालून ठेवली आहे. दर रविवारी नवे स्कॅन केलेले फोटो तिच्यावर उतरवा. केबल लावलेली असताना तिला धक्का लागू देऊ नका, आतली चकती तेव्हा फिरत असते.

आणि आई, हे तुझ्यासाठी. ती डिस्क खालच्या कपाटात ठेवलीय, तिथून काढ. २०१९ च्या महापुरात आपले अल्बम त्याच कप्प्यात भिजले. तुमच्या लग्नाची पानं बाबांनी पंख्याखाली एकेक करून सोडवली, तीच आता स्कॅन होताहेत. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बाबा रोज पेपरात बघतातच. ३९ फुटांचा इशारा येईपर्यंत थांबू नका, आजच ती डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर, पितळी डब्यात ठेवा. ठेवली की मला फोन कर.

तुमची,
मनू