शिवमंदिराच्या दगडाला तारेचा ब्रश नको

महोदय,

महाशिवरात्र जवळ आली की अंबरनाथच्या शिवमंदिरात साफसफाईच्या मोहिमा निघतात. हेतू चांगलाच असतो. पण तारेचे ब्रश आणि फरशी धुण्याचे अ‍ॅसिड घेऊन कोरीवकामाला हात घातला, तर जे नुकसान होते ते भरून येत नाही.

हे मंदिर शके ९८२ मधले, म्हणजे इ.स. १०६० चे. शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळातला, हे साल सांगणारा शिलालेख आजही मंदिरात आहे. दगड आपला काळा बेसॉल्ट. त्यात जागोजागी पांढऱ्या खनिजाचे ठिपके असतात, अ‍ॅसिडात आधी तेच विरघळतात आणि मूर्तीच्या गालावर, बोटांवर खड्डे पडतात. तारेने घासलेला दगड खरबरीत होतो, ओल धरतो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यावर दुप्पट शेवाळ चढते. दगडांच्या सांध्यांच्या फटी सिमेंटने बुजवणे तर त्याहून वाईट. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, लोणा फुटतो, म्हणजे क्षार वर येतात, आणि कडा ढलप्यांनी सुटतात. पिंपळाचे रोप दिसले की उपटू नये, मुळाबरोबर सांधा उकलतो. ते दगडालगत कापून बुंध्यावर औषध लावावे लागते, आणि हे काम पुरातत्त्व खात्याचेच. मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. त्याला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे आणि वर शिखर उघडे, त्यामुळे पाऊस थेट आत येतो. त्या ओलीत दूध-तेलाचा थर बसला की बुरशी धरते, पायऱ्या निसरड्या होतात. भाविकांनी अभिषेकाला लोटीभर स्वच्छ पाणीच आणावे, ही कळकळीची विनंती.

मोहिमेतल्या हातांना काम हवेच असेल तर ते शेजारच्या वालधुनी नदीत पडलेले आहे. काठावरचा राडारोडा, निर्माल्य, प्लास्टिक पावसाळ्याआधी उचलले नाही तर पात्र अरुंद होते आणि पुराचे पाणी आवाराकडे फुगते. खराटा, घमेली आणि हातमोजे एवढ्यावर हे काम होते.

नगरपालिकेने आणि पुरातत्त्व खात्याने मिळून प्रवेशद्वारापाशी मराठीत ठळक फलक लावावा. त्यावर काय करू नये हे तर असावेच, शिवाय संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते, हेही लिहावे. फलक शिवरात्रीच्या आदल्या दिवशी नको, महिनाभर आधी हवा.

– एक वाचक, अंबरनाथ