तक्रार: तुमच्या मल्टिमीटरवर छापलेलं ‘कॅट थ्री ६०० व्होल्ट’ खोटं आहे

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी,

नमस्कार साहेब / मॅडम,

तुमच्या कंपनीचे दोन डिजिटल मल्टिमीटर मी तुमच्याच वेबसाइटवरून घेतले, त्यातला एक लाईनवर व्होल्टेज बघताना फुटला, बिल आणि फोटो मेलला जोडलेत, ऑर्डर नंबर विषयात टाकलाय. आधी चॅटवर तक्रार केली, मग फोन केला, दोन्हीकडे "फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही" एवढंच ऐकवलं आणि तक्रार बंद करून टाकली. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितोय. पूर्ण वाचा आणि तुमच्याकडे ज्याला मीटरच्या आतलं कळतं अशा माणसाला दाखवा, नुसतं कॉल सेंटरला पुढे ढकलू नका.

मी सांगली जिल्ह्यात वायरमनचं काम करतो. घरांचं वायरिंग असतंच, पण आमच्याकडे मुख्य काम शेतीपंपाचं, नदीकाठच्या मोटरी, विहिरीवरचे स्टार्टर, उसाच्या शेतातल्या पेट्या. हाताखाली दोन पोरं आहेत, दोघंही आयटीआय झालेली, काम चांगलं करतात. माझ्याकडे जुना चांगला मीटर आहे पण तो एकच, आणि आम्ही तिघं तीन ठिकाणी असतो. पोरं टेस्टरवर भागवायची आणि ते मला अजिबात पटत नव्हतं. थ्री फेजच्या मोटरला एक फेज गेला तरी गेलेल्या फेजवर मोटरच्या वाइंडिंगमधून फिरून व्होल्टेज येतं, तिन्ही ठिकाणी टेस्टर पेटतो, पोरगं म्हणतं लाईट आहे, आणि शेतकऱ्याची मोटर घुर्र करत जळून जाते. रिवाइंडिंगचे हजारो रुपये जातात आणि पाण्याची पाळी चुकते ती वेगळीच. मीटर लावला की फेज टू फेज तिन्ही आकडे दिसतात, ४१५ च्या जागी तीनशे-साडेतीनशे दिसलं की लगेच कळतं कुठे गेलंय ते. त्यामुळे दोघांच्या पिशवीत एकेक मीटर असलाच पाहिजे असं ठरवलं.

आता बजेटचं बोलतो, कारण तुमचा माणूस फोनवर म्हणाला की एवढ्या पैशात अजून काय पाहिजे. साहेब, मी स्वस्तातलाच मीटर शोधत होतो, खोटं कशाला बोलू, नामांकित कंपनीचे दोन मीटर घेणं मला परवडत नाही. पण म्हणून डोळे झाकून नाही घेतला. दुकानात अडीचशे-तीनशेला तो पिवळा मीटर मिळतो, सगळ्यांना माहितीये. त्याच्या १० अँपिअरच्या जॅकशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असं सरळ छापलेलं असतं. सेल बघायला, ट्रॅक्टरचं वायरिंग बघायला तो ठीक आहे, पॅनलवर मी तो पोरांच्या हातात कधीच देणार नाही, पण निदान आत फ्यूज नाही हे तरी तो तोंडावर सांगतो. मी त्यापेक्षा तिपटीने जास्त पैसे देऊन तुमचा घेतला तो एकाच कारणासाठी. तुमच्या मीटरच्या पुढच्या बाजूला, जॅकच्या मधोमध, ठळक अक्षरात कॅट थ्री ६०० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे मीटर कुठल्या लाईनवर सुरक्षित चालतो ती खूण. खोक्यावर परत तेच, वेबसाइटवर परत तेच, आणि शिवाय सिरॅमिक एचआरसी फ्यूज (मोठा करंट सुरक्षित तोडणारा) आणि ट्रू आरएमएस (वेव्ह कशीही असली तरी व्होल्टेजचा खरा आकडा दाखवणं). ट्रान्झिस्टर तपासायचं भोक, तापमानाची वायर, टॉर्च यातलं मला काही नको होतं. मला ती एक ओळ पाहिजे होती.

तुमच्याकडे जो कोणी हे पत्र वाचेल त्याला कदाचित ती ओळ म्हणजे नुसतं एक फीचर वाटत असेल, म्हणून लिहितो. कॅट टू म्हणजे प्लगला लावायची उपकरणं. कॅट थ्री म्हणजे डीबी (वायरिंगची मुख्य पेटी), एमसीबी, भिंतीतलं पक्कं वायरिंग, मोटरचे पॅनल. कॅट फोर म्हणजे खांबावरून येणारी सर्व्हिस लाईन आणि बिलाचा मीटर. जसजसं तुम्ही डीपीच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या, जवळ जाता तसतसा शॉर्ट झाल्यावर येणारा करंट वाढतो, १०० केव्हीएच्या डीपीच्या टर्मिनलवरच शॉर्ट झालं तर तीन हजार अँपिअरच्या आसपास करंट जाऊ शकतो, आणि आमची कित्येक पंपाची कामं डीपीपासून चार-दोन खांबांवरच असतात. कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला आपोआप चालणारा स्विच) पडला म्हणजे सुटला, मोठी मोटर बंद झाली, लांब कुठे वीज पडली की लाईनवर क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येतो. आयईसी ६१०१० हे जे स्टँडर्ड आहे त्याप्रमाणे कॅट थ्री ६०० चा मीटर ६००० व्होल्टचा असा झटका सहन करून माणसाला सुरक्षित ठेवणारा पाहिजे, कॅट टू ६०० ला हाच आकडा ४००० आहे. म्हणजे पुढच्या बाजूला जे छापलंय ते मीटर धरणाऱ्या हातासाठी आहे. मी ते वाचून मीटर पोराच्या हातात दिला.

मागच्या महिन्यात नदीकाठच्या एका १० एचपीच्या मोटरची तक्रार होती, स्टार डेल्टा स्टार्टर, मोटर मधेच ट्रिप व्हायची. मी शेजारीच उभा होतो. पोराने मीटर एसी व्होल्टवर लावलेला, रेंज सगळ्यात मोठी, काळी वायर कॉममध्ये, लाल वायर व्होल्टच्या जॅकमध्ये, हातात मोजे, सगळं जसं पाहिजे तसं. आर आणि वाय फेजमधलं व्होल्टेज बघितलं, वाय बी बघितलं, तिसरं बघत असताना कॉन्टॅक्टर पडला आणि त्याच क्षणी मीटरमधून फट् करून आवाज आला, डिस्प्ले गेला, रोटरी नॉबच्या फटीतून काळा धूर आला आणि जळका वास सुटला. पोराने मीटर हातातून खाली टाकला. त्याला काही झालं नाही हे नशीब, मोज्याला काजळी लागली होती तेवढीच. ४१५ व्होल्टच्या लाईनवर ६०० व्होल्ट छापलेला मीटर बरोबर रेंजवर लावून फुटला, याला तुम्ही ‘फिजिकल डॅमेज’ म्हणता.

तुम्ही वॉरंटी नाकारलीत त्यानंतर मी तो मीटर उघडला, त्याच्या आधी एकही स्क्रू काढलेला नव्हता. फोटो क्रमाने जोडलेत, शांतपणे बघा. व्होल्टच्या जॅकजवळ बोर्डावर दोन ठिकाणी पांढऱ्या अक्षरात आरव्ही १ आणि पीटीसी १ अशी नावं छापलीयेत, सोल्डरिंगची भोकं पण आहेत, पण भाग बसवलेलेच नाहीत, पीटीसीच्या जागी सरळ एक तार टाकून जोडून घेतलंय आणि आरव्हीची जागा रिकामी. झटका आला तर तो अडवायचा कुणी, तर नेमक्या ह्याच दोन भागांनी. म्हणजे ज्याने बोर्ड डिझाइन केला त्याला माहिती होतं की इथे हे लागणार आहे, आणि नंतर कुणीतरी काही रुपये वाचवायला ते काढून टाकलं. हा माल फॅक्टरीत चुकून बिघडलेला नाही साहेब, हे कुणीतरी बसून ठरवलेलं आहे.

फ्यूजचंही तेच. वेबसाइटवर सिरॅमिक एचआरसी लिहिलंय, आत निघाला तो काचेचा लहान फ्यूज, टोपणावर २५० व्होल्ट लिहिलेला, रेडिओत असतो तसला. एचआरसीमध्ये वाळू भरलेली असते, फ्यूज उडताना जी ठिणगी पेटते ती वाळूत विझते, काचेच्या फ्यूजमध्ये ती विझवायला काहीच नसतं, मोठा करंट आला की काच फुटते आणि आर्क चालूच राहतो. तोसुद्धा फक्त मिलीअँपिअरच्या जॅकला आहे. १० अँपिअरच्या जॅकवर तुम्ही ‘फ्यूज्ड’ छापलंय आणि आत तो जॅक जाड तारेच्या शंटला (करंट मोजायच्या तुकड्याला) सरळ जोडलाय, मधे फ्यूज नाहीच. आमच्या धंद्यात कधी ना कधी कुणाची तरी लाल वायर करंटच्या जॅकमध्ये राहून जाते आणि तो तसाच फेजला टेकवतो, सगळ्या जगात होतं हे, त्याच्यासाठीच तर तिथे फ्यूज पाहिजे. तुमच्या मीटरमध्ये तसं झालं तर ती तार म्हणजे डायरेक्ट शॉर्ट, आणि मीटर माणसाच्या हातात.

प्रोबचं टोक मोजलं, १८ मिलीमीटर उघडं लोखंड. कॅट थ्रीला ४ मिलीमीटरपेक्षा जास्त उघडं चालत नाही, म्हणून चांगल्या प्रोबवर काढता-घालता येणारी टोपी देतात, तुम्ही दिलेली नाही. कॉन्टॅक्टरच्या शेजारशेजारच्या दोन टर्मिनलमध्ये एवढं लांब टोक आडवं पडलं की दोन फेज एकत्र आले. वायरवर १००० व्होल्ट २० अँपिअर लिहिलंय, थोडी सोलून बघितली तर आत केसासारख्या मोजक्या तारा, त्या २० अँपिअर कुठून नेणार?

ट्रू आरएमएसची तर मी दुसऱ्या मीटरवर परीक्षाच घेतली. एका गिऱ्हाइकाकडे जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे, त्याच्यावर माझा जुना ट्रू आरएमएस मीटर लावला आणि तुमचा शेजारी लावला. माझा २३० च्या जवळ, तुमचा २५५ च्या जवळ. ॲव्हरेज मोजून साइन वेव्हच्या हिशोबाने आकडा दाखवणारा साधा मीटर स्क्वेअर वेव्हवर बरोबर ११ टक्के जास्त दाखवतो, तेच तुमचा दाखवतोय, म्हणजे आत ट्रू आरएमएस नाहीच. महावितरणच्या लाईनवर दोन्ही मीटर जवळपास सारखंच दाखवतात, त्यामुळे साध्या गिऱ्हाइकाला हे कधीच कळणार नाही. बॅकलाइट चांगली आहे, ६००० काउंट (डिस्प्ले किती मोठा आकडा दाखवतो ते) लिहिलंय ते खरं आहे, कंटिन्युटीचा बझर पण झटकन वाजतो, जे चांगलं आहे ते मी नाकारत नाही. घरातले सेल, बॅटरी, बोर्ड रिपेअरिंग यासाठी हाच मीटर याच किमतीत कुणी घेतला तर त्याचं नुकसान नाही, फक्त तसं लिहून विका.

सगळ्यात राग कशाचा आला ते सांगतो. फोनवर तुमच्या मॅडम मला म्हणाल्या की सर हा मीटर होम यूजसाठी आहे, थ्री फेजवर वापरू नका. मॅडमचा दोष नाही, त्यांना जे सांगितलं ते त्या बोलल्या. पण याचा अर्थ कंपनीत कुणाला तरी माहितीये की हा मीटर थ्री फेजला चालत नाही. मग खोक्यावर पॅनलचा फोटो का आहे, हेल्मेट घातलेला माणूस एमसीबीवर प्रोब लावून उभा आहे तो कशाला छापलाय? माहिती पुस्तिकेत एक शब्दही नाही की पॅनलवर लावू नका. जे फोन केल्यावर सांगता ते मीटरवर छापा ना.

मला काय पाहिजे ते आता स्पष्ट लिहितो. दोन्ही मीटरचे पूर्ण पैसे परत पाहिजेत, कूपन नको, बदली मीटर नको. कॅट थ्री ६०० चा टेस्ट रिपोर्ट असेल तर त्याची प्रत पाठवा, कुठल्या लॅबने केला, कुठल्या मॉडेलचा केला ते दिसलं पाहिजे. रिपोर्ट नसेल तर ती ओळ, ट्रू आरएमएस, एचआरसी आणि १० अँपिअर फ्यूज्ड हे सगळं वेबसाइटवरून लगेच काढा, आणि ज्यांनी ज्यांनी हे मॉडेल घेतलंय त्यांचे फोन नंबर तुमच्याकडे आहेत, ऑफरचे मेसेज रोज पाठवताच, त्याच नंबरवर एक मेसेज पाठवा की हा मीटर पॅनलवर आणि थ्री फेजवर वापरू नका. ही मागणी माझ्यासाठी पैशापेक्षा मोठी आहे. गावोगावी नवीन पोरं स्वस्त मीटर घेऊन कामाला लागतात, त्यांच्या शेजारी दरवेळी कुणी उभा नसतो. आणि खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि माल कुठल्या देशातला हे लिहिणं बंधनकारक असताना फक्त एक मेल आयडी का आहे, त्याचंही उत्तर द्या.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवायचं असतं आणि एका महिन्यात निकाली काढायची असते, तेवढा वेळ मी थांबतो. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवणार, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. मी राहतो तिथेच केस करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही, हे मी विचारून घेतलंय. खोट्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, तिकडेही हेच फोटो जातील.

जळालेला मीटर मी कुरियरने परत पाठवणार नाही, तो माझ्याकडेच राहील. दुसऱ्याचे स्क्रू मी अजून हलवलेले नाहीत, सील आहे तसं आहे. तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर तोही उघडू, बोर्डावर आरव्ही १ आणि पीटीसी १ बसवलेत का ते त्याने स्वतः बघावं आणि लेखी द्यावं. यायच्या आदल्या दिवशी मेल करा म्हणजे मी कामावर न जाता घरी थांबेन. उत्तर मेलवरच द्या, फोनवर काही नको.

कळावे,
तुमचा ग्राहक
(नाव आणि पत्ता ऑर्डरवर आहे तोच)