मंगळवारचं जेवण

फोंडा, गोवा

चि. मानसीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली लिस्बनमधल्या रेस्टॉरंटांची तिन्ही नावं बघितली. विहीणबाईंना साठ पूर्ण होतायत, त्या पहिल्यांदाच देशाबाहेर गेल्यायत आणि त्यांचं जेवण मनासारखं व्हावं म्हणून तू एवढी धडपडतेयस, हे वाचून फार बरं वाटलं. पण रेस्टॉरंट ठरवण्याआधी वार बदल.

वाढदिवस सोमवारी आहे. सोमवारी त्या शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतात आणि परदेशातही त्या तो नेम मोडणार नाहीत. तुझ्यासाठी मोडला तर ते आणखी वाईट. शिवाय लिस्बनमध्ये बरीच रेस्टॉरंटं सोमवारी बंद असतात. रविवारी बहुतेक होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून सोमवारी ताजी मासळीही कमी. तेव्हा सोमवारी राहत्या जागी वरणभात कर, संध्याकाळी नदीकाठी फिरवून आण आणि जेवणाचा बेत मंगळवारी ठेव. कालनिर्णय बघितलं, त्या दिवशी संकष्टी नाही.

आता तुझी नावं. बाइशाच्या, म्हणजे शहराच्या मधल्या भागातल्या, पादचारी रस्त्यावरचं पहिलं काढून टाक. जिथे माणूस दारात उभा राहून गिऱ्हाइकाला बोलावतो आणि मेनूवर रंगीत फोटो असतात, तिथलं स्वयंपाकघर परत न येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी चालतं. त्या फोटोंत पाएया, तो भाताचा पदार्थ, आहे म्हणतेस. तो तर स्पेनचा पदार्थ. इतकी वर्षं खाणावळ चालवल्यावर मला एवढं कळतं की ज्याचा मेनू लांबलचक, त्याचा फ्रीज भरलेला.

दुसरं, ते प्रसिद्ध शेफचं, वाईट नाही. पण तिथे काय खायचं ते शेफ ठरवतो, छोट्या छोट्या ताटल्या अडीच-तीन तास येत राहतात. डुक्कर आणि बीफ न खाणाऱ्या बाईला दर ताटलीला विचारत बसावं लागेल. ज्या माणसासाठी जेवण, त्यालाच अवघडल्यासारखं व्हायला नको. तिथे तुम्ही दोघं कधीतरी जा.

माझं मत नदीपलीकडच्या कासिल्यशमधल्या तिसऱ्या रेस्टॉरंटला. तुझ्या मामाकडे राहिलो होतो तेव्हा आम्ही त्या बाजूला जेवलो होतो. लिस्बनच्या काइश दु सोद्रे धक्क्यावरून बोट सुटते, तेजो नदी ओलांडायला दहाएक मिनिटं लागतात, पणजीहून बेतीला गेल्यासारखंच. विहीणबाईंना ते फार आवडेल. बोटीतून उतरल्यावर चढण नाही, आणि त्यांच्या गुडघ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. आल्फामाच्या, त्या चढणीच्या जुन्या वस्तीतल्या, पायऱ्या त्यांना चढायला लावू नकोस.

तिथे काय मागवायचं? आधी आमेइजुअश आ बुल्याँव पातु. लसूण, ऑलिव्ह तेल आणि भरपूर कोथिंबीर घातलेल्या तिसऱ्या (शिंपल्या), आपल्या माणसाला पहिल्या घासात पटणाऱ्या. पुष्कळदा त्यात पांढरी वाइन घालतात. त्यांना चालत नसेल तर आधीच सांग. मग निखाऱ्यावर भाजलेला अख्खा मासा. तो किलोच्या भावाने लावतात, म्हणून आधी कच्चा दाखवायला सांग, डोळे आणि कल्ले बघ, वजन विचार, मगच हो म्हण. यात लाजायचं काही नाही, तिथली माणसंही विचारतात. बाकाल्याव, म्हणजे सुकवलेला खारवलेला कॉड, एखादीच प्लेट मधे ठेवा. सूप आणि कडधान्याचे पदार्थ दिसायला शाकाहारी असले तरी बऱ्याचदा त्यांत शोरिसूचे, म्हणजे डुकराच्या सॉसेजचे, तुकडे असतात, तेव्हा विचारल्याशिवाय त्यांच्यासमोर ठेवू नकोस.

बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज टेबलावर येईल. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठव. न मागितलेल्या आणि न खाल्लेल्या गोष्टीचे पैसे लावता येत नाहीत, तसा तिथला कायदाच आहे. पाव मात्र ठेवून घे, सासऱ्यांना रस्सा टिपायला लागतो.

गोड तिथे मागवू नका. परतल्यावर लिस्बनच्याच बेलें भागात जा. तिथलं पाश्तेलचं (कस्टर्ड भरलेल्या छोट्या टार्टचं) दुकान 1837 पासून चालू आहे, गरम पाश्तेलवर दालचिनी भुरभुरून देतात. त्यात अंड्याचा बलक असतो, म्हणून हेही सोमवारी नको.

दुपारी तीनच्या सुमारास स्वयंपाकघरं बंद व्हायला लागतात. साडेबाराचं टेबल घे, फोनवरच चार माणसं आणि डुक्कर-बीफ नाही हे सांग. बिल नीलेशरावांनी आधीच गुपचूप देऊन ठेवावं, नाहीतर सासरे तिथेच पाकीट काढतील.

विहीणबाईंना आमच्या दोघांच्या वतीने नमस्कार सांग.

तुझे
बाबा