नाणेघाट म्हणजे नुसता उलटा धबधबा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शनिवार-रविवारच्या सहलींवरचा लेख वाचला. त्यात नाणेघाटाला एकच वाक्य होते: इथला उलटा धबधबा पाहायलाच हवा. धबधब्याशी माझे भांडण नाही. पण तो जिथे उलटा उडतो, तिथून हाकेच्या अंतरावर कोरलेल्या लेण्याचा त्या लेखात उल्लेखसुद्धा नव्हता, म्हणून हे पत्र.

मी कल्याणची, वय एकसष्ट. दिवाळीनंतरच्या शनिवारी एकटीच निघाले. पहाटेच्या आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसटीने मुरबाड, टोकावडे, वैशाखरे करत घाटाच्या पायथ्याला उतरले. कंडक्टरने दोनदा विचारले, "मावशी, एकट्याच?" त्याला काळजी वाटली असेल, राग कशाला धरायचा. भातकापणी चालू होती, त्यामुळे पहिला अर्धा तास वाटेवर माणसांचे आवाज होते. पुढे झाडीत शिरल्यावर फक्त माझ्या काठीचा. धडधाकट माणूस दोन तासांत चढतो म्हणतात, मला साडेतीन लागले. वरच्या टप्प्यात दगडी फरसबंदी लागते. गुडघ्यांनी तिचे आभार मानले.

सोपारा आणि कल्याण या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणपर्यंत जात असे. घाटमाथ्यावर जो मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत, अशी कथा सगळे सांगतात. खरी असेल, नसेल. पण लेण्याच्या भिंतींवर जे खोदलेले आहे, ते कथेहून भारी आहे.

मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वर नावे मात्र ब्राह्मी लिपीत आहेत. "राया सिमुक सातवाहनो", मग "देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो", म्हणजे नागनिका राणी आणि राजा सातकर्णी. डाव्या आणि उजव्या भिंतीवर दहा-दहा ओळींचा लेख आहे. घरून वाचनाचा कागद नेला होता, तो ताडून पाहत बसले. बरोबर कोणी असते तर तासाभरात "चला, चहा घेऊ" झाले असते.

लेखात यज्ञांची यादी आहे आणि प्रत्येक यज्ञाच्या दक्षिणेचा हिशेब. गाई, हत्ती, घोडे, आणि काहापण म्हणजे कार्षापण नाणी. एका ठिकाणी २४४००. शून्याचे चिन्ह तेव्हा नव्हते, म्हणून वीस हजार, चार हजार आणि चारशे यांची वेगवेगळी चिन्हे शेजारी-शेजारी मांडली आहेत. एवढे जुने अंक आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी आहेत. मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. गाई १००१, गाई १०००१, काहापण ६००१. आहेराच्या पाकिटात आपण वरचा एक रुपया घालतो ना? तो 'वरचा एक' इथे दोन हजार वर्षांपूर्वी दगडात बसला आहे. आणि या सगळ्यात राणीचे वर्णन येते: महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी जगणारी. त्या शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले.

त्या तीन तासांत तीन टोळकी येऊन गेली. सगळ्यांनी लेण्याकडे पाठ करून फोटो काढले. त्यांना दोष कसा देऊ? तिथे काय पाहायचे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

रात्री घाटघरला एका घरी राहिले. आजीबाईंनी नाचणीची भाकरी वाढली आणि मला झोप येईस्तोवर "सोबत कुणी नाय?" हा प्रश्न फिरवून-फिरवून विचारला. रविवारी सकाळी जुन्नर गाठून लेण्याद्रीला गेले. तिथे सातव्या लेण्यात गिरिजात्मज, अष्टविनायकांपैकी एक, त्यामुळे रांग होती. दर्शन घेतले. शेजारचे सहावे लेणे, बौद्ध चैत्यगृह, जवळजवळ रिकामे. त्याच्या दर्शनी भागावरच्या लेखात ते दान देणाऱ्याचे नाव आहे: हेरणिकाचा मुलगा सुलसदत. गाव? कल्याण.

संपादक महोदय, मी तिथे एकटीच मोठ्याने हसले. माझ्याच गावचा माणूस, आणि बहुधा माझ्याच वाटेने वर आलेला!

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी अशी ठिकाणे छापाल तेव्हा पार्किंग आणि हॉटेलांच्या जोडीला दोन गोष्टी जरूर छापा: एसटीने कुठे उतरून पायी कसे जायचे, आणि तिथल्या लेखाच्या निदान दोन ओळी देवनागरीत, अर्थासह. जागा कमी पडली तर धबधब्याचा फोटो थोडा लहान करा.

आपली,
एक जुनी वाचक, कल्याण