अंधार मूळ कथेतलाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अभिजात बालकथांवर भयप्रद, विलक्षण चित्रपट काढणारे दिग्दर्शक मुलांचे निरागस जग नासवतात, अशी तक्रार वरचेवर ऐकू येते. तक्रारदारांनी मूळ पुस्तके पुन्हा वाचावीत, असे सुचवावेसे वाटते. इटालियन लेखक कार्लो कोलोदींचा लाकडी बाहुला पिनोकिओ बोलक्या रातकिड्याला हातोडा फेकून मारतो. शिवाय १८८१ साली ही कथा क्रमशः छापली जात असताना लेखकाने त्या लाकडी बाहुल्याला फासावर लटकवून ती संपवलीच होती. ‘रिटर्न टू ऑझ’ (१९८५) या चित्रपटातील मुंडकी बदलणारी स्त्री पाहून अनेक मुले घाबरली खरी, पण ती कल्पनाही ऑझच्या कथांचे मूळ लेखक एल. फ्रँक बॉम यांच्याच १९०७ च्या पुस्तकातून आलेली आहे.

लुईस कॅरॉल यांच्या ‘ॲलिस इन वंडरलँड’वर आधारलेला, चेक दिग्दर्शक यान श्वांकमायर यांचा ‘ॲलिस’ (१९८८) मला यांत सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्यातील ससा खरोखरीचा, भुसा भरलेला आहे. त्याच्या फाटक्या अंगातून भुसा गळत राहतो आणि तरीही तो वेळेवर पोहोचण्याची घाई सोडत नाही. हे दृश्य किळसवाणे असले, तरी स्वप्नाचे विचित्र तर्कशास्त्र त्यात अचूक उतरले आहे. केवळ रंग काळवंडून आणि लढाया वाढवून गांभीर्याचा आव आणणाऱ्या महागड्या रूपांतरांना (त्यांची नावे घेण्याचीही गरज नाही) हे क्वचितच साधते.

आक्षेप घ्यायचाच, तर तो जाहिरातींवर घ्यावा. कथा बालवाङ्मयातली, एवढ्यावरच चित्रपट सरसकट लहान मुलांसाठी म्हणून खपवला जातो; तो कोणत्या वयापासून दाखवावा, हे वितरकांनी फलकावर ठळकपणे छापावे.

आपला,
एक वाचक