आहाराच्या सल्ल्यात चार महिने गेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आनुवंशिक कर्करोगाचा धोकाही ताट बदलून टाळता येतो, असं सांगणारा कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही.

पाच वर्षांपूर्वी असाच एक लेख माझ्या थोरल्या बहिणीने कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, कणकेची खळ लावून. तिच्या डाव्या स्तनात तेव्हा हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागत होती. दुखत नव्हती, म्हणून डॉक्टर नको. अक्काने त्या कात्रणाचं ऐकलं. सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या, मग बिटाचा रस, रात्री हळदीचं पाणी. शेंगदाण्याची चटणी बंद, भाकरीवरचं करडईचं तेल बंद. चार महिन्यांत गाठ आवळ्याएवढी झाली, काखेत दुसरी लागली, तेव्हा कुठे तिने मला सांगितलं.

पुढे ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. अक्का आज बरी आहे. पण भेटायला येणाऱ्या बायका उशाशी बसून विचारायच्या, "काय खात होतीस गं बाई असं?" जन्मभर ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि अंबाडीची भाजी खाल्लेली ती बाई. डोक्यावर रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून पडायची आणि आपलं काय चुकलं ते आठवत राहायची. एकदा मला म्हणाली, "दिवाळीत लई करंज्या खाल्ल्या होत्या मी. त्यानं झालं असंल का गं?" हे वाक्य मी विसरू शकत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी फक्त "आईला होतं का?" एवढंच विचारलं. आईला नव्हतं. पण आमची आत्या बेचाळिसाव्या वर्षी याच आजाराने गेली, आणि तिची आई, म्हणजे आमची आजी, छातीत गाठ होऊन गेली असं घरात बोललं जायचं. या कर्करोगाचा धोका वाढवणारा जनुकातला दोष बापाकडूनही येतो आणि प्रत्येक लेकराकडे, मुलगा असो की मुलगी, तो जाण्याची शक्यता निम्मी असते, हे आम्हाला पुण्याला रक्त तपासल्यावर कळलं. बीआरसीए-२ या जनुकात दोष निघाला.

आहाराचा काहीच संबंध नाही, असं मी म्हणत नाही. दारूने हा धोका वाढतो, पाळी गेल्यानंतर वाढलेल्या वजनानेही वाढतो, कारण या कर्करोगाच्या वाढीला हातभार लावणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक चरबीत तयार होतं. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली सदोष जनुक असलेल्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९४० पूर्वी जन्मलेल्यांत पन्नाशीपर्यंत कर्करोग होण्याचा धोका २४ टक्के, नंतर जन्मलेल्यांत ६७ टक्के. जनुक तेच, राहणीमान बदललेलं. वयात येताना अंगमेहनत केलेल्या आणि लठ्ठ नसलेल्या बायकांना आजार उशिरा झाला. उशिरा, हा शब्द महत्त्वाचा. कारण त्याच अभ्यासात ऐंशीपर्यंतचा धोका ८२ टक्के आहे. तुमच्या लेखात 'उशिरा'चं 'टळतो' झालं आहे, आणि अक्कासारखी बाई त्या एका शब्दावर चार महिने काढते.

फोलेट या ब-जीवनसत्त्वाचंही तसंच. एमटीएचएफआर जनुकाच्या एका प्रकारात फोलेट शरीरात नीट वापरलं जात नाही, म्हणून पालेभाजी जास्त खावी, असं लेखात आहे. या जनुकाचे आणि स्तनाच्या कर्करोगाचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, हे मात्र लिहिलेलं नाही. पालेभाजी जरूर खावी. गाठ लागल्यावर आधी दवाखाना गाठावा, एवढं एक वाक्य अख्ख्या पानात नसावं?

बार्शीला १९८७पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी चालते, आपल्या मराठवाड्यातले परंडा आणि भूम हे तालुके तिच्यात आहेत. ती माणसं गावोगाव जाऊन लक्षणं सांगतात. पुरवणीत त्यांच्याबद्दल लिहा.

आणखी एक. लेखाच्या मथळ्यात 'महिलांचा कर्करोग' असं छापलंय. स्तन हा शब्द छापायला आपल्याला संकोच वाटत असेल, तर खेड्यातल्या बाईने तो डॉक्टरांसमोर कसा उच्चारायचा? अक्काने मला सांगतानाही नुसता हात ठेवून "इथं" म्हटलं होतं.

माझी भाची सत्तावीस वर्षांची आहे. नातेवाईक तिला विचारतात, "तू आता काय खातेस?" तपासणी केलीस का, हे कुणी विचारत नाही. माझ्या दोन्ही भावांनीही, त्यांना मुली आहेत तरी, अजून तपासणीसाठी रक्त दिलेलं नाही. हा बायकांचा आजार, आमचा काय संबंध, असं म्हणतात. त्यांच्या घरी आपलंच वर्तमानपत्र येतं. म्हणून हा खुलासा त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सेलू (जि. परभणी)