बाबांच्या अनएम्प्लॉयमेंटचा क्लेम: न्यू जर्सीतल्या आई-बाबांना पत्र

सिएटल, २ सप्टेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, वेअरहाउसमधली नोकरी गेली म्हणून अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे बेकारी भत्त्याचा, क्लेम करा म्हटल्यावर "सरकारपुढे हात पसरायचा नाही" हे तुमचं म्हणणं ऐकलं. त्याचं उत्तर तुमच्याच पगाराच्या कागदावर आहे. कुठलीही जुनी पे-स्टब काढा. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या जवळपास 'एनजे यूआय' किंवा 'यूआय-डब्ल्यूएफ' अशी एक बारीक कपात दिसेल. तो बेकारी विम्याचा हप्ता. पगाराच्या ०.३८२५ टक्के, म्हणजे शंभर डॉलरमागे साधारण अडतीस सेंट. मालक त्याचा वाटा वेगळा भरतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हा विमा फक्त मालकाच्या पैशावर चालतो. कामगाराच्या पगारातूनही हप्ता घेणारी राज्यं तीनच: अलास्का, पेनसिल्व्हेनिया आणि आपलं न्यू जर्सी. गाडीचा हप्ता भरायचा आणि ठोकर बसल्यावर क्लेम करायचा नाही, असं कोणी करत नाही.

दुसरी भीती ग्रीन कार्डाची. अनएम्प्लॉयमेंट ही कामातून कमावलेली रक्कम असल्यामुळे 'पब्लिक चार्ज'च्या, म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा माणूस ठरवण्याच्या, हिशेबात धरत नाहीत. मी तुमच्यासाठी आय-८६४ वर, म्हणजे ग्रीन कार्डासाठीच्या हमीपत्रावर, सही केली आहे, त्याचाही इथे संबंध येत नाही, कारण ही गरिबी तपासून दिली जाणारी मदत नाही. बँकेत किती शिल्लक आहे, मुलगी किती कमावते, हे अर्जात कोणी विचारत नाही.

आता घाई कशाची ते सांगते. इथला आठवडा रविवारी सुरू होतो आणि शनिवारी संपतो. क्लेम ज्या आठवड्यात फाइल कराल त्या आठवड्याच्या रविवारपासून धरतात, त्याआधीचा काळ सहसा देत नाहीत. तुमचा शेवटचा दिवस शुक्रवार, २९ ऑगस्ट. म्हणजे ६ सप्टेंबरच्या शनिवारच्या आत अर्ज गेला तर ३१ ऑगस्टचा आठवडा मिळेल. रविवारवर ढकललात की एक आठवडा गेला. सुपरवायझर "थांबा, परत बोलावू" म्हणाला असला तरी थांबू नका. बोलावलं तर क्लेम बंद करता येतो.

अर्जाला बसण्याआधी कागद एकत्र करा. सोशल सिक्युरिटी कार्ड, ग्रीन कार्ड, पासपोर्ट किंवा लायसन्स, चेकबुक (बँकेचा राउटिंग नंबर आणि खाते क्रमांक त्यावर असतो) आणि गेल्या दीड वर्षातल्या सगळ्या मालकांची नावं, पत्ते, फोन, कामाच्या पहिल्या-शेवटच्या तारखा. कंपनीने शेवटच्या दिवशी 'बीसी-१०' नावाचा कागद द्यायला हवा, किंवा ईमेल केला असेल. तो शोधा. मालकाचं अधिकृत नाव आणि नोंदणी क्रमांक त्यावर असतो. मिळाला नसेल तरी अर्ज अडत नाही, डब्ल्यू-२ वर, म्हणजे वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावर, तेच असतं.

मालकाच्या नावात खूप जण चुकतात. तुम्ही आधी एजन्सीमार्फत त्या वेअरहाउसमध्ये जात होता आणि नंतर कंपनीने थेट घेतलं. एजन्सीच्या काळातला तुमचा मालक एजन्सी, वेअरहाउस नव्हे. पे-स्टबवर ज्याचं नाव छापलंय तेच लिहायचं, आणि दोन्ही वेगवेगळे लिहायचे. नाव जुळलं नाही तर राज्याच्या नोंदीतला पगार तुमच्या क्लेमला लागत नाही आणि रक्कम कमी येते, किंवा शून्य दिसते.

तुमच्या नावाचंही असंच. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र छापलेलं असतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर त्याचं पहिलं आणि मधलं असे दोन भाग पडलेले असू शकतात. अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच, स्पेलिंगसकट. ग्रीन कार्डाचा नंबर विचारतील तेव्हा कार्डावर 'यूएससीआयएस नंबर' असं लिहिलेले नऊ आकडे द्यायचे. कार्डावर तेरा अक्षरांचा आणखी एक क्रमांक असतो, तो वेगळा.

अर्ज न्यू जर्सीच्या श्रम विभागाच्या 'माय अनएम्प्लॉयमेंट' साइटवर करायचा. पत्त्याच्या शेवटी 'डॉट एनजे डॉट गव्ह' आहे का ते पाहा. ओळख पटवायला 'आयडी डॉट मी' लागतं: लायसन्सचा फोटो, मग फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा. खिडकीकडे तोंड करून बसा, चष्मा काढा, लायसन्स गडद टेबलावर ठेवून फोटो घ्या. चकाकी आली की फोटो नापास होतो. तिथून फोनवर येणारा कोड कोणालाही सांगायचा नाही, अगदी "मी अनएम्प्लॉयमेंट ऑफिसातून बोलतोय" म्हणणाऱ्यालाही. अर्ज पूर्ण फुकट आहे. पैसे घेऊन भरून देणारे सापडतील, त्यांच्या हाती तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे नोकरी का सुटली. पर्याय साधारण तीन: काम संपलं म्हणून काढलं, तुम्ही स्वतः सोडलं, वागणुकीमुळे काढलं. तुमचं पहिलं, म्हणजे 'लेड ऑफ, लॅक ऑफ वर्क'. बाबा, "तसंही त्रेसष्ट झालं, आता रिटायरच समजा" हे वाक्य तुम्ही सहज बोलता. अर्जात किंवा फोनवर ते बोललात तर नोकरी तुम्ही आपणहून सोडली असा अर्थ निघतो, आणि मग नवी नोकरी धरून आठ आठवडे काम करेपर्यंत आणि साप्ताहिक भत्त्याच्या दहापट कमवेपर्यंत काही मिळत नाही. त्याच कारणासाठी, कंपनी राजीनाम्याच्या किंवा 'स्वेच्छेने' असं लिहिलेल्या कागदावर सही मागत असेल तर आधी मला फोटो पाठवा.

कंपनीत शंभर किंवा जास्त माणसं होती आणि एका फटक्यात पन्नास किंवा अधिक काढली असतील, तर राज्याच्या 'वॉर्न' कायद्याने नव्वद दिवसांची पूर्वसूचना आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षाला एक आठवड्याचा पगार देणं बंधनकारक आहे. पूर्वसूचना दिली नसेल तर वर आणखी चार आठवडे. वर्षांच्या हिशेबाने मिळालेला हा पैसा भत्त्यातून कापत नाहीत. पूर्वसूचनेऐवजी किंवा पगार पुढे चालू ठेवल्यासारखा दिलेला पैसा मात्र त्या आठवड्यांच्या आड येतो. अर्जात दोन्ही सांगायचे, पण कागदावर ज्या नावाने आलेत त्याच नावाने.

पैसे किती मिळतील? राज्य आधी 'बेस इयर' बघतं, म्हणजे ज्या वर्षाच्या पगारावर भत्ता ठरतो ते वर्ष. सप्टेंबरमध्ये फाइल केल्यावर ते १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ असं धरतात. २०२५च्या नियमाने त्यात आठवड्याला किमान ३०३ डॉलर मिळालेले वीस आठवडे हवेत, किंवा एकूण १५,२०० डॉलर. तुमचं दोन्हीत बसतं. त्या काळातल्या सरासरी साप्ताहिक पगाराच्या साठ टक्के भत्ता, २०२५ मध्ये जास्तीत जास्त ८७५ डॉलर. तासाला १८ डॉलर आणि चाळीस तास, म्हणजे ७२० डॉलर, त्याचे साठ टक्के ४३२. आई कमावत नाही, म्हणून तिला अवलंबून दाखवलंत की त्यावर सात टक्के चढतात: सुमारे ४६२ डॉलर आठवड्याला, जास्तीत जास्त सव्वीस आठवडे. हा रकाना पुष्कळ जण रिकामा सोडतात. आई, तुझा सोशल सिक्युरिटी नंबर हाताशी ठेव. आणि डब्यांच्या ऑर्डरी घ्यायला तू सुरुवात केलीच असशील तर ते आधी सांग, मग तुला तसं दाखवता येणार नाही.

बाबांची पुण्याची पेन्शन लपवायची नाही. पेन्शनबद्दल प्रश्न येतो, खरं उत्तर द्या. बेस इयरमधल्या मालकाने भरलेल्या पेन्शनमुळेच इथे कपात होते, आणि तुमची तर तिकडच्या जुन्या नोकरीची आहे.

न्यू जर्सी या पैशावर राज्याचा कर घेत नाही, केंद्राचा लागतो. दहा टक्के आधीच कापून घेण्याचा पर्याय अर्जात आहे, तो निवडा. जानेवारीत '१०९९-जी', म्हणजे वर्षभरात मिळालेल्या भत्त्याचा कागद, येईल, तो टॅक्सच्या फाइलला लावायचा.

अर्ज गेला की काम संपलं असं वाटतं, आणि तिथेच लोकांचे पैसे अडकतात. दर आठवड्याला 'सर्टिफाय' करावं लागतं. आदल्या आठवड्याबद्दल तेच ते प्रश्न येतात: काम करायला सक्षम आणि तयार होता का, काम शोधलं का, कुठलं काम नाकारलं का, काही कमावलं का, सुटीचे पैसे मिळाले का. लेबर डेची भरपगारी सुटी कंपनीने दिली असेल तर ती याच आठवड्यात येते. क्लेम 'पेंडिंग' दिसत असला तरी दर आठवड्याला सर्टिफाय करत राहायचं. निर्णय तुमच्या बाजूने लागला की साठलेले आठवडे एकदम मिळतात, पण न केलेले आठवडे मिळवायला फार खटपट पडते.

सक्षम असण्याच्या प्रश्नावर कंबरदुखीची हकिगत नको. रोजचं दुखणं असूनही तुम्ही काम करत होता आणि करू शकता, तर उत्तर 'हो'. एखाद्या आठवड्यात खरंच अंथरुणाला खिळलात तर मात्र 'हो' म्हणायचं नाही. त्यासाठी न्यू जर्सीत वेगळा डिसॅबिलिटी विमा आहे, बेकार असतानाही त्याचा दावा करता येतो.

ओळखीच्या कोणाच्या दुकानात दोन दिवस बसलात आणि शंभर डॉलर मिळाले, तर ते रोख असले तरी सांगायचे. ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात, कर कापण्याआधीची रक्कम. त्याने सगळा भत्ता बुडत नाही. राज्य तुमच्या भत्त्यात वीस टक्के मिळवतं आणि त्यातून कमाई वजा करतं. ४६२ चे ५५४ झाले, शंभर वजा केले, ४५४ राहिले. म्हणजे शंभर कमावून भत्ता आठच डॉलरने कमी झाला. मग लपवायचं कशाला? लपवलेली रक्कम मालकांच्या नोंदींशी ताडल्यावर सापडते, सगळी परत मागतात आणि वर पंचवीस टक्के दंड.

काम शोधल्याची एक वही ठेवा: तारीख, कंपनी, कोणाशी बोललात, अर्ज कसा केला, उत्तर काय आलं. ती मागितली जाऊ शकते. न्यू ब्रन्सविकच्या वन-स्टॉप सेंटरमधून, म्हणजे रोजगार केंद्रातून, बैठकीचं पत्र आलं तर जायचंच, गैरहजेरीने पैसे थांबतात. अनोळखी नंबरवरचे फोन एरवी घेऊ नका म्हणते, पण श्रम विभागाने क्लेमबाबतच्या मुलाखतीची वेळ पत्राने कळवली असेल त्या दिवशी फोन जवळ ठेवा. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर सुरुवातीलाच "मराठी इंटरप्रीटर, प्लीज" म्हणा. दुभाष्या फुकट मिळतो. घाईत चुकीचं 'येस' म्हणण्यापेक्षा दहा मिनिटं थांबलेलं बरं.

नकाराचं पत्र आलं तर घाबरू नका, आणि ड्रॉवरमध्येही टाकू नका. अपील करायला पत्र टपालात पडल्याच्या तारखेपासून एकवीस दिवस असतात. पाकीटही जपून ठेवा, त्यावर शिक्का असतो. अपील चालू असतानाही सर्टिफाय करणं थांबवायचं नाही.

आता दिवाळीचं. तुमची पुण्याची तिकिटं काढलेली आहेत, जायला कोणाची हरकत नाही. पण देशाबाहेर असलेला माणूस इथल्या कामाला हजर नाही, म्हणून ते आठवडे भत्त्याचे नाहीत. तिकडून सर्टिफाय करायचं नाही, आणि तुमच्या वतीने इथून कोणीही करायचं नाही, मीसुद्धा. साइटला लॉग-इन कुठून झालं ते दिसतं, पासपोर्टवर तारखा असतात. त्या आठवड्यांचे पैसे बुडत नाहीत हे मुद्दाम सांगते. सव्वीस आठवड्यांचा हिशेब क्लेमच्या वर्षभरात वापरायचा असतो. परत आल्यावर त्याच आठवड्यात क्लेम पुन्हा उघडायचा आणि उरलेले आठवडे घ्यायचे. मला विचाराल तर तीन आठवडे जाऊन या, सहा नको. इतके दिवस बाहेर राहिलात तर इथल्या नोकरीची बोलावणी चुकतील.

हेल्थ इन्शुरन्स कंपनीचा होता, तो कधी संपतो ते एचआरला लेखी विचारा. संपल्यापासून साठ दिवसांत 'गेट कव्हर्ड एनजे' या राज्याच्या विम्याच्या साइटवर नवा घेता येतो. तिथे वर्षाची कमाई सांगताना अनएम्प्लॉयमेंटचे पैसेही धरायचे. आई, तुझी रक्तदाबाची गोळी चालू विम्यावरच नव्वद दिवसांची भरून घे.

मी गुरुवारी संध्याकाळी तुमच्या सातला फोन करते. व्हिडिओवर राहीन, अर्ज तुम्ही तुमच्या हाताने भरायचा आणि मी वाचत जाईन. शेवटी आलेला कन्फर्मेशन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्या पानाचा फोटो मला पाठवा. रविवारपासून पहिल्या आठवड्याचं सर्टिफाय आहे, ते आपण सकाळच्या चहानंतर करू.

तुमची लेक